हिशेब या शब्दाचे गोत्र

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले की उद्यमबाग लागते. या नावात दोन देशींचे पाणी एकत्र झाले आहे. ‘उद्यम’ संस्कृत आणि ‘बाग’ फार्सी. फुलझाडे पाहण्याच्या आशेने मात्र येथे कोणी येऊ नये. येथे लेथ फिरतात, भट्ट्या पेटतात, लोखंडाचा रस साच्यांत ओतला जातो आणि संध्याकाळी हातापायांना काळे तेल लागलेली माणसे सायकलींवरून व मोटारसायकलींवरून घरोघर परततात.

काही दिवसांपूर्वी तेथील एका लहानशा कारखान्यात मी कामानिमित्त बसलो होतो. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा काम सोडून चालला होता. त्याने सोडले की त्याला सोडावयास लावले, हे मला कळले नाही, आणि विचारणेही प्रशस्त नव्हते. मालकांनी त्याला बोलावून म्हटले, “तुझा हिशेब घेऊन जा. वीस दिवस भरलेत.” मुलगा क्षणभर घुटमळला. मग खाली पाहत, पण स्पष्टपणे म्हणाला, “मालक, तुमच्या हिशेबी वीस असतील, माझ्या हिशेबी बावीस आहेत.”

त्या दोन दिवसांचे काय झाले ते शेवटी सांगेन. मला त्या वेळी नवल वाटले ते त्या शब्दाचे. मालकांच्या तोंडी ‘हिशेब’ म्हणजे चुकती रक्कम. कामगारवर्गात तर ‘हिशेब घेणे’ याचा अर्थ नोकरी संपणे असाच झाला आहे. गिरणीतून कायमचा बाहेर पडलेला माणूसही आपण ‘हिशेब घेतला’ असेच सांगत असे. पण मुलगा ‘माझ्या हिशेबी’ म्हणाला तेव्हा त्याला केवळ बेरीज अभिप्रेत नव्हती. ‘माझ्या मते’, ‘मी जसे जाणतो त्याप्रमाणे’, असे त्याला म्हणावयाचे होते. मोजणे आणि मानणे ही दोन्ही कामे त्याने एकाच शब्दाकडून करून घेतली. या शब्दाच्या घराण्याची जुनी कुलकथा ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटेल.

हिशेब हा शब्द अरबी ‘हिसाब’ होय. फार्सीच्या द्वारे तो आपल्याकडे आला. मालक, हजेरी, रक्कम, बाकी, वसूल हे सारे त्याचेच अरबी सोबती. पगाराच्या दिवशी उद्यमबागेत जे बोलणे होते त्यातून हे शब्द काढून टाकले, तर मुक्यानेच पैसे द्यावे लागतील. या शब्दांनी आपल्या मुलखात कसा प्रवेश केला त्याची एक गंमतीची नोंद आहे. बेळगावचा किल्ला ज्या विजापूरकरांच्या अमलाखाली होता, त्यांच्यातील पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ मध्ये गादीवर आला. त्याने सरकारी हिशेबाचे दप्तर फार्सीतून काढून देशी भाषेत ठेवविले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपविले, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. म्हणजे हिशेब देशी भाषेत लिहिला जाऊ लागला, परंतु त्याचे नाव मात्र अरबीच राहिले. पुढे हिशेबनीस, हिशेबी, बेहिशेबी, हिशेबतपासनीस अशी लेकरे त्याला मराठीतच झाली. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध केला. असले परके शब्द मराठीने ठेवावेत की टाकावेत, यावर त्यानंतरच्या दशकांत केवढा वाद माजला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या वादात मी येथे पडत नाही. एवढेच म्हणतो की, ज्याला आपण परका म्हणतो तो मुळात कोणाचा कोण, याची चौकशी तरी करावी.

अरबीला एक सख्खी बहीण आहे, ती म्हणजे हिब्रू. यहुदी लोकांची ही धर्मभाषा सुमारे सतरा शतके ग्रंथांत आणि प्रार्थनेत जिवंत होती, पण घरात बोलली जात नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलिएझर बेन-यहुदा आणि त्यांच्यासारख्या ध्यास घेतलेल्या माणसांनी तिला पुन्हा बोलती केली, आणि आज ती इस्राएलची राज्यभाषा आहे. या दोन्ही बहिणींची घडण आपल्या भाषांहून निराळी आहे. संस्कृतात ‘कृ’ हा धातू घेतला की त्याच्या पुढेमागे प्रत्यय-उपसर्ग जोडून कर्ता, कर्म, क्रिया, प्रकृती असे शब्द होतात. हिब्रू-अरबीत धातू म्हणजे बहुधा तीन व्यंजने. त्यांना स्वतःचा उच्चारही नसतो. स्वर बाहेरून येतात आणि त्या तीन व्यंजनांच्या मध्ये शिरतात. कोणते स्वर कोठे बसावयाचे याचे ठराविक साचे असतात, आणि साचा बदलला की अर्थ बदलतो. व्याकरणातला धातू आणि भट्टीतला धातू यांना मराठीत एकच शब्द आहे ही आपली सोय. उद्यमबागेतल्या ओतकाम करणाऱ्याला ही भाषा समजावून देण्यास अर्धी मिनिट पुरे. रस तोच, साचा निराळा, म्हणून एकदा चाक निघते तर एकदा पंपाचे कवच.

(या साच्याला अरब वैयाकरण ‘वज़न’ म्हणतात. आपण किराणा मालाच्या दुकानात म्हणतो तेच वजन. हिब्रू वैयाकरणही नामाच्या साच्याला ‘मिश्काल’ म्हणतात, आणि त्याचाही अर्थ वजनच. शब्द जोखून पाहण्याची ही कल्पना मला फार आवडते.)

आता आपल्या शब्दाचा धातू पाहू. हिब्रूत तो ह-श-ब असा आहे. त्यातला ‘ह’ आपल्या हकारापेक्षा घशातून अधिक घासून निघतो, आणि शेवटचा ‘ब’ स्वरानंतर आला तर ‘व’ होतो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची मंडळी ओळखता येतील. ‘हाशव’ म्हणजे त्याने विचार केला, किंवा त्याने मानले. ‘हेशबोन’ म्हणजे हिशेब. आजच्या इस्राएलात दुकानाचे बिल हेशबोन, बँकेतले खाते हेशबोन आणि शाळेतले अंकगणितही हेशबोनच. ‘हेशबोनित’ म्हणजे विक्रीचे बीजक. ‘हिशूव’ म्हणजे गणन. ‘महशावा’ म्हणजे विचार. ‘हाशूव’ म्हणजे महत्त्वाचा, शब्दशः ज्याची गणना होते असा. आणि ‘हेशबोन नेफेश’ म्हणून एक सुंदर जोडशब्द आहे. नेफेश म्हणजे जीव. माणसाने स्वतःच्या वागणुकीचा स्वतःशीच मांडलेला हिशेब तो हेशबोन नेफेश. वर्षारंभीच्या पवित्र दिवसांत असा हिशेब मांडावा अशी यहुदी लोकांची रीत आहे.

परंतु या कुटुंबातला मला सर्वात प्रिय असलेला शब्द निराळाच आहे. तो म्हणजे ‘होशेव’. साच्याप्रमाणे पाहिले तर त्याचा अर्थ ‘विचार करणारा’ असा होतो. पण ‘निर्गम’ या प्राचीन ग्रंथात हा शब्द येतो तो एका कारागिराला उद्देशून. रानातून प्रवास करणाऱ्या इस्राएल लोकांनी देवासाठी एक मंडप उभारला, त्याच्या पडद्यांवर आकृती विणावयाच्या होत्या. साधे विणकाम एक, आणि आधी आकृती मनात योजून मग ती धाग्यांत उतरविणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाला तेथे होशेवाचे काम म्हटले आहे. त्याच ग्रंथात बसालेल नावाच्या कारागिराची हकीकत आहे. सोने, रुपे, पितळ, पाषाण, लाकूड या सर्वांत तो निष्णात. त्याच्या कामाचे वर्णन करताना क्रियापद आणि नाम दोन्ही याच ह-श-ब धातूचे वापरले आहे, म्हणजे योजना योजणारा असे. पुढे राजांच्या इतिहासात उज्जीया राजाने यरुशलेमच्या बुरुजांवर बाण आणि मोठाले धोंडे फेकणारी यंत्रे बसविल्याचे सांगितले आहे. त्या यंत्रांना जे नाव आहे तेही याच धातूचे, आणि त्या एकाच वाक्यात धातू लागोपाठ तीन वेळा येतो.

म्हणजे ज्या काळी आपण समजतो की विचार करणारे पंडित एकीकडे आणि हाताने राबणारे कारागीर दुसरीकडे, त्या काळी या भाषेने दोघांना एकाच नावाने हाक मारली. ज्याने कधी लेथवर काम करणाऱ्या जाणत्या माणसाला पाहिले असेल त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. तुकडा यंत्रात लावण्यापूर्वी तो पुष्कळ वेळ नुसता उभा राहतो. किती काढावयाचे, कोठून धरावयाचे, तापला तर किती फुगेल, हे सारे त्याच्या मनात चाललेले असते. बाहेरच्याला वाटते की तो रिकामा आहे.

मोजणे आणि मानणे यांची ही सोयरीक केवळ हिब्रूतच आहे असे नव्हे. संस्कृत ‘गण्’ पाहा. गणना, गणित हे शब्द त्याचेच, आणि अग्रगण्य, नगण्य, अवगणना हेही त्याचेच. मराठीत ‘तो कोणाला मोजीत नाही’ असे आपण म्हणतो. जमाखर्चाला ‘लेखा’ म्हणतो आणि दुसऱ्याला तुच्छ ‘लेखतो’. आमच्या सीमाभागात तर शेजारच्या कन्नडचे उदाहरण कानावर रोज पडते. कन्नडमध्ये हिशेबाला ‘लेक्क’ म्हणतात, आणि ‘आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल’ अशी एक म्हण आहे. खेळात आहे, पण हिशेबात नाही, म्हणजे आपला कच्चा लिंबू. बेळगावची पोरे ही म्हण दोन्ही भाषांच्या गल्ल्यांत सारख्याच सहजतेने वापरतात. पश्चिमेकडे लॅटिनमधील ‘पुतारे’ या क्रियापदातही मोजणे आणि विचार करणे हे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजी अकाउंट हा त्याचाच वंशज, आणि लौकिक या अर्थाचे रेप्युटेशन हेही त्याचेच.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. नुसत्या ध्वनिसाम्यावर नाते जुळविण्याचा मोह मोठा वाईट. हिब्रू ‘श’ आणि अरबी ‘स’ यांची जोडी नियमाने जमते. वर्षाला हिब्रूत ‘शाना’, अरबीत ‘सना’, तोच आपला ‘सन’. नावाला हिब्रूत ‘शेम’, अरबीत ‘इस्म’, तोच आपल्या पोलिसी पंचनाम्यातला ‘इसम’. ‘शालोम’ आणि ‘सलाम’ तर सर्वांना माहीत आहेत. पण मराठी ‘हिशेब’ मधला ‘श’ पाहून तो हिब्रूतून थेट आला असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. इ-ए या स्वरांपूर्वी ‘स’ चा ‘श’ करणे ही मराठीचीच जुनी खोड आहे. हिंदीत सीखना, आपल्याकडे शिकणे, हिंदीत सीना, आपल्याकडे शिवणे. तसेच ‘होशेव’ ऐकून कोणाला ‘होश’ आणि ‘हुशार’ आठवतील, पण ते इराणी घराण्याचे, त्यांचा येथे काडीइतका संबंध नाही. यहुदी पंचांगात हेशवान नावाचा महिना आहे, तोही या धातूचा नव्हे. प्राचीन बाबिलोनी भाषेतल्या ‘आठवा महिना’ या अर्थाच्या नावाचा तो अवशेष आहे. नात्यातली माणसे चेहऱ्यावरून ओळखू नयेत, वंशावळ पाहावी.

मराठी आणि हिब्रू यांची गाठ केवळ शब्दकोशातच पडली असे मात्र नाही. ती कोकणच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष माणसांत पडली. बेने इस्राएल म्हणून ओळखले जाणारे यहुदी शेकडो वर्षे कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, खेड्यांतून राहत आले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश झाला, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा जुंपीत नसत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. हिब्रू त्यांच्यापाशी फार थोडी उरली होती. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी पिढ्यान्‌पिढ्या तोंडात टिकून राहिली. म्हणजे विचार करा, तेलाच्या घाण्यावर बसलेला एखादा दिवेकर गिऱ्हाइकाशी दिवसभर ‘हिशेब’ करीत होता, आणि त्याच्या स्वतःच्या धर्मभाषेतला त्या शब्दाचा चुलतभाऊ त्याला अनोळखी होता.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल, यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. १८३२ मध्ये रेव्हरंड जॉन विल्सन यांनी या समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहून छापले. वल्हांडणाच्या सणाला वाचावयाचा ‘हगादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात निघाला. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करण्यात आयुष्य वेचले. याच काळाच्या पुढे केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून सारे बायबल मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हिब्रू खिळे जुळविण्याचे काम मुक्ती सदनातल्या, समाजाने टाकलेल्या मुली करीत होत्या. ‘यशया’ या ग्रंथात लोकांनी तुच्छ मानलेल्या एका सेवकाचे वर्णन आहे. त्याची गणना कोणी केली नाही, हे सांगताना मूळ हिब्रूत हाच ह-श-ब धातू आला आहे. ज्यांना घरादारातल्या कोणी हिशेबात धरले नव्हते अशा मुलींच्या बोटांखालून तेही पान गेले असले पाहिजे.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. मराठी बोलणारी ती माणसे बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा नव्या गावांतून वसली. पहिल्याच आठवड्यात दुकानदाराने ‘हेशबोन’ म्हटल्यावर त्यांच्या कानाला काय वाटले असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करतो. बाकी सारे अवघड, पण हा शब्द अर्धा ओळखीचा.

त्यांना खरी अडचण आली ती मात्र याच धातूच्या दुसऱ्या अर्थाने. आपण हिशेबात आहोत की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. शतकानुशतके इतर यहुद्यांपासून दूर राहिलेल्या या समाजाचे विवाह आणि काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील काय, अशी शंका तेथील काही धर्मगुरूंनी घेतली. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाकडून असे निर्देश निघाले की, बेने इस्राएल व्यक्ती इतर यहुद्याशी विवाह करू म्हणेल तर नोंद करणाऱ्याने तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी परक्या मुलखात शनिवारचा घाणा शेकडो वर्षे बंद ठेवला, त्यांच्या आज्यापणज्यांची तपासणी त्यांच्याच देशात व्हावी, ही गोष्ट त्या कुटुंबांना असह्य झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये उघड आंदोलन केले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेट या तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा निर्वाळा दिला, आणि धर्मपीठाने त्या निर्देशांतून त्यांचे नाव काढून टाकले. चौकशीची तरतूद मात्र, नाव न घेता, ज्याच्याविषयी शंका असेल अशा कोणासाठीही ठेवण्यात आली. मला विचाराल तर हा न्याय पुरता झाला असे मी म्हणणार नाही. पण ‘हाशूव’ या शब्दाचा अर्थ कोशात जो दिला आहे तो मिळविण्यासाठी मराठी बोलणाऱ्या माणसांनी रस्त्यावर बसावे, ही घटना आपल्याकडे आहे त्यापेक्षा अधिक माहीत असावयास हवी होती.

विसाव्या शतकात काँप्यूटर नावाचे यंत्र आले तेव्हा प्रत्येक भाषेला त्याचे नाव ठेवणे भाग पडले. हिब्रूने साधने दाखविणारा आपला साचा घेतला, त्यात ह-श-ब ओतला आणि ‘महशेव’ हा शब्द काढला. खिशात मावणाऱ्या गणकयंत्राला ‘महशेवोन’ म्हणून त्याला धाकटे भावंड दिले. अरबीने त्याच धातूतून ‘हासूब’ केला. मराठीने ‘गण्’ घेऊन ‘संगणक’ केला. इंग्रजी शब्द तर मुळातच त्या लॅटिन ‘पुतारे’ चा. चार भाषांनी एकमेकींस न विचारता एकाच ठिकाणी बोट ठेवले. फरक इतकाच की, संगणक म्हणताना आपल्याला फक्त आकडेमोड ऐकू येते. हिब्रू बोलणाऱ्या मुलाला मात्र ‘महशेव’ या शब्दात ‘महशावा’, म्हणजे विचार, हाही ऐकू येतो. यंत्र विचार करू शकते काय, हा आजचा वादाचा प्रश्न त्या भाषेत नावातच येऊन बसला आहे.

उद्यमबागेत आता अनेक ठिकाणी लेथला संगणक जोडलेले आहेत. मी ज्या कारखान्यात बसलो होतो तेथेही एक तसले यंत्र होते. हजेरी मात्र अद्याप वहीतच होती. मुलाच्या बोलण्यावर मालक प्रथम चिडले, मग त्यांनी वही मागविली. मुलगा खिशातून एक चुरगळलेला कागद काढून उभा राहिला. त्यावर त्याने तारखा खुणांनी मांडल्या होत्या. दोघांनी एकेक तारीख ताडून पाहिली. एक दिवस वहीत लिहावयाचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी मुलगा अर्धा वेळ येऊन घरी गेला होता, हे त्याने स्वतःच कबूल केले. साडेएकवीस दिवसांचा हिशेब झाला. नोटा मोजून घेताना मुलाने मालकांना सांगितले की कोपऱ्यातल्या यंत्राचा पट्टा सैल झाला आहे, उद्या जो कोणी त्यावर बसेल त्याला आधी तो आवळावयास सांगा.